सात पॉइंट चार

बुराई नदीच्या काठी आमच्या गावात
मी विहिरी मोजते.
पंधरा दिवसांतून एकदा, अकरा विहिरी.
टेपच्या टोकाला ट्रॅक्टरचा जुना नट बांधलाय,
तो सोडत जायचा खाली,
पारव्यांच्या घरट्यांवरून,
कपारीतल्या उंबराच्या रोपावरून,
आणि कान द्यायचा.
टप् झालं की बोटाने टेप धरायचा, वाचायचं.
लोक मला टेपवाली म्हणतात.
सासू म्हणते, पानीले बी कोनी मोजस का?

एकतीस ऑक्टोबरला माझ्या चपलेचा अंगठा तुटला.
चौथी विहीर नदीपलीकडे, वाटेत सगळं गोखरू.
मी बांधावर बसले. मागचा आकडा पाहिला, सात पॉइंट दोन.
त्यात दोन दशांश पदरचे घातले.
मोबाइलने फोटो मागितला,
तिसऱ्या विहिरीचाच दिला, जरा वाकडा धरून.
वरून सगळ्या सारख्याच दिसतात,
काळ्या, गोल, पालथ्या तव्यांसारख्या.
मोबाइलने हिरवी खूण केली.
इतकी हिरवी, की घडीभर मलाही खरं वाटलं.

मग सात पॉइंट चार चालायला लागला.
शिंदखेड्याला गेला, धुळ्याला गेला,
पुण्यात कुठल्याशा पडद्यावर
निळा खांब होऊन उभा राहिला.
परत आला तो इस्त्रीच्या कपड्यांत,
मला ओळख देईना.
सरांनी तो ग्रामसभेत वाचून दाखवला,
म्हणाले, नदीपलीकडे यंदा गहू चालेल.
टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते.

जानेवारीत धुडकू आप्पांचा गहू पोटरीवर आला
आणि चौथ्या विहिरीवरची मोटार हवा ओढू लागली.

शाळेच्या ओट्यावर रात्री सगळे जमले.
आप्पांनी एवढंच विचारलं,
हाऊ आकडा कोन्हा से?
सरपंच म्हणाले, सरांनी सांगितला.
सर म्हणाले, प्रणालीत आहे,
आणि बोअरची यादी गावाने दिली, नऊ.
तव्यावरून आत्ता उतरलेल्या भाकरीसारखा
आकडा या हातातून त्या हातात,
धरेना कुणीच.

मी उठले. म्हटलं, मी गऊच नही.
चप्पल तुटी गयथी.

कुणीतरी हसलं, चपलेला.
मग झिपरू भाऊ, जमिनीकडे बघत,
मन्हा बी एक बोर से, कडबानी गंजीखाले.
सरपंचांचे दोन निघाले, एक साल्याच्या नावावर.
अकरा वाजता मोजले तर तेवीस.
सरांनी लॅपटॉप मिटला, पेन काढलं.
म्हणाले, चौथ्या विहिरीवर मी एकदाही गेलो नाही,
हेही लिहा.
मुकुंद तात्या काही बोलले नाहीत.
त्यांची मोटार रात्री दोनला चालते,
साऱ्या गावाला ऐकू येते.

आप्पांचा गहू काही उठला नाही.
दीड एकर हिरवाच कापून गुरांपुढे गेला.
भरपाई कुणी किती द्यायची, यावर अजून भांडण आहे.
माझे बाराशे मी कापसातून दिले,
सरांचे आले, पण उशिरा.

पंचायतीच्या फळ्यावर सात पॉइंट चार मी पुसला नाही.
आडवी रेघ मारली, शेजारी नवा मोजलेला आकडा लिहिला,
खाली नाव, आडनावासकट.
आता चौथ्या विहिरीवर झिपरू भाऊ सोबत येतात.
काल मी म्हटलं तेरा पॉइंट एक,
ते म्हणाले दोन.
नट पुन्हा सोडला.
दोघं कठड्यावर वाकून,
श्वास धरून,
अजून टप् झालेलं नाही.